‘अनअव्हेलेबल’: एक शब्द, दोन पोर्ट, चार कारणं

सकाळी सहकाऱ्याचा फोन. “अरे, बॅकअप मशीन पिंगला उत्तर देत नाहीये. मी बटण दाबून एकदा बंद-चालू केलं, तरी तसंच.”

पिंग म्हणजे ‘आहेस का?’ अशी नेटवर्कवरून मारलेली हाक. मशीन म्हणजे एक जुना लॅपटॉप. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, डेस्कटॉप नाही, फक्त काळा पडदा. रोज रात्री मुख्य सर्व्हरवरून फायली ओढून घ्यायच्या एवढंच त्याचं काम. एकाच खोलीत मूळ आणि प्रत दोन्ही नकोत म्हणून तो मुद्दाम वेगळ्या खोलीत ठेवलेला, आणि तिथवर नेटवर्क स्विचपासून (सगळ्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीपासून) एक लांब नेटवर्क केबल गेलेली. बसवला तेव्हा डेबियन ११ होतं, पुढे ते १२ वर नेलं. दोन वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि ते तसंच असायला हवं होतं.

या प्रकरणात मी पहिला तास वाया घालवला, तोही पडद्यावरच्या पहिल्याच शब्दाचा अर्थ न वाचल्यामुळे. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात; टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या.

पहिला तास

लॉगिन करून ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ दिली; नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामला स्थिती विचारायची ही कमांड. तीन ओळी आल्या. ‘ईएनपी३एस०’ हे केबलचं पोर्ट, त्यासमोर ‘अनअव्हेलेबल’. ‘डब्ल्यूएलपी२एस०’ हे वायफाय, त्यासमोरही ‘अनअव्हेलेबल’. तिसरी ओळ ‘लो’ची, म्हणजे मशीनचं स्वतःशीच बोलायचं लूपबॅक. ते तेवढं ‘कनेक्टेड’ होतं, म्हणजे या मशीनचं फक्त स्वतःशीच पटत होतं.

दोन्ही पोर्टांसमोर एकच शब्द दिसला आणि मी लगेच निष्कर्ष काढला: दोन्ही एकदम कशी बिघडतील? बिघडलाय तो नेटवर्कमॅनेजर. ही पहिली चूक, आणि पुढच्या सगळ्या चुका तिच्याच पोटी जन्मल्या.

नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट केला. काही नाही. मशीन रीस्टार्ट केलं. काही नाही. मग प्रोफाइल, म्हणजे जोडणीची साठवलेली सेटिंगं, हाताने वर आणायचा प्रयत्न केला, तेव्हा उत्तर आलं की या कनेक्शनसाठी योग्य डिव्हाइस सापडलं नाही, आणि पुढे कंसात की ‘लो’ चालणार नाही कारण प्रोफाइलमधलं इंटरफेसचं, म्हणजे पोर्टचं, नाव जुळत नाही. हा संदेश ज्यांनी पाहिलाय त्यांना त्यातली गंमत कळेल. मी केबलबद्दल विचारतोय आणि ते लूपबॅकबद्दल सांगतंय. झालं असं असतं की नेटवर्कमॅनेजर सगळी डिव्हाइसं तपासतो, एकही जुळत नाही, आणि नकाराचं कारण म्हणून एकाच डिव्हाइसचं नाव छापतो. नेमकं ‘लो’चं. ‘नाव जुळत नाही’ एवढंच मी उचललं आणि पोर्टचं नाव बदललं की काय म्हणून दहा मिनिटं तेच शोधत बसलो. नाव बदललं नव्हतं.

त्यानंतर जे केलं ते सांगायला जरा लाज वाटते. ‘नेटवर्कमॅनेजर गेला उडत, जुन्या पद्धतीनं करू’ म्हणून ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलमध्ये ईएनपी३एस०ला स्थिर पत्ता लिहिला आणि पुन्हा रीस्टार्ट. आता एनएमसीएलआयमध्ये ‘अनअव्हेलेबल’ जाऊन ‘अनमॅनेज्ड’ आलं होतं, आणि मला चक्क आनंद झाला. काहीतरी हललं! ‘आयपी अॅड्रेस’मध्ये पत्ताही दिसत होता. पिंग मारला तर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, आणि हे उत्तर कुठून येतंय तर माझ्याच पत्त्यावरून.

प्रत्यक्षात काहीही हललं नव्हतं. डेबियनमध्ये त्या फाइलमध्ये ज्या इंटरफेसचं नाव लिहाल त्याच्यावरचा हात नेटवर्कमॅनेजर काढून घेतो. रोग तोच, फक्त त्याची नोंद ठेवणारा डॉक्टर मी घालवला होता. ‘आयपी राउट’ दिली तर मार्गाच्या ओळीच्या शेवटी ‘लिंकडाउन’ असा शब्द लटकत होता. तो पाहिला आणि मी कीबोर्डवरून हात काढला.

फोनवर सहकाऱ्यानं विचारलं होतं, “केबल बघितलीस का?” मी म्हटलं होतं, “हो, स्विचवर लाइट लागतोय.” लागत होता खरा. शेजारच्या पोर्टचा.

शब्दाचा अर्थ

फाइलमधल्या माझ्या ओळी काढल्या, नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट केला, आणि पुन्हा ‘अनअव्हेलेबल’वर येऊन थांबलो. यावेळी आधी तो शब्द वाचला.

नेटवर्कमॅनेजर प्रत्येक डिव्हाइसला एक अवस्था देतो आणि त्या अवस्थेला आकडा असतो. १० म्हणजे अनमॅनेज्ड: हे माझं काम नाही, मी त्याला हात लावत नाही. २० म्हणजे अनअव्हेलेबल: काम माझं आहे, डिव्हाइस दिसतंय, पण ते वापरण्याच्या स्थितीत नाही. ३० म्हणजे डिस्कनेक्टेड: डिव्हाइस तयार आहे, फक्त अजून कशाला जोडलेलं नाही. पुढे जोडणीच्या पायऱ्या, पासवर्ड, पत्ता मिळवणं वगैरे, आणि १०० ला कनेक्टेड. आयपी पत्त्याची पायरी ७० वर येते. म्हणजे २० वर अडकलेल्या डिव्हाइससाठी मी तासभर ७० व्या पायरीवर रंगरंगोटी करत होतो.

२० वर अडकायची कारणं पत्ता, गेटवे, डीएनएस यांच्या कितीतरी खाली असतात, आणि ती डिव्हाइसच्या जातीप्रमाणे बदलतात. केबलच्या पोर्टसाठी अट जवळपास एकच: कॅरियर, म्हणजे समोरच्या टोकाकडून संकेत येतोय का. वायफायला ती अट लागूच नाही, कारण राउटरशी जुळण्याआधी तिथे कॅरियर असणारच नाही. वायफायसाठी विचारलं जातं ते असं: रेडिओ चालू आहे का, चिपला तिचं फर्मवेअर, म्हणजे तिच्यात भरायचं छोटं सॉफ्टवेअर, मिळालं का, आणि पासवर्डची बोलणी करणारी ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ ही सेवा हजर आहे का. तिन्हींना होकार हवा. एकाला जरी नकार आला तरी पडद्यावर तोच शब्द, केबल तुटली असतानाही तोच. दोन्ही पोर्टांसमोर एकच शब्द दिसला म्हणून कारण एकच, हा माझा तर्क इथेच कोसळला.

खरं तर हे विचारायची सोपी रीत होती. प्रोफाइल वर आणताना कमांडला ‘आयएफनेम ईएनपी३एस०’ जोडलं, म्हणजे कुठलं डिव्हाइस ते स्पष्ट सांगितलं, की तोच नेटवर्कमॅनेजर ‘लो’ची गोष्ट सोडून सरळ बोलतो: हे कनेक्शन ईएनपी३एस०वर मिळणार नाही, कारण डिव्हाइसला कॅरियर नाही. इतके दिवस हे मला माहीत नव्हतं.

एका ओळीत अप आणि डाउन

‘आयपी लिंक शो ईएनपी३एस०’ दिली. या एका ओळीवर थोडं थांबायला हवं, कारण इथे बरेच जण गोंधळतात. टोकदार कंसात लिहिलं होतं: नो-कॅरियर, ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, अप. आणि त्याच ओळीत पुढे: स्टेट डाउन. एकाच ओळीत अप आणि डाउन दोन्ही.

दोन्ही खरे आहेत. कंसातला ‘अप’ म्हणजे आपण, मशीनच्या बाजूनं, पोर्ट चालू केलंय. दुकान उघडं आहे. ‘स्टेट डाउन’ म्हणजे प्रत्यक्षात गिऱ्हाईक येत नाही. कंसात ‘अप’ नसतं तर दुकान आपणच बंद ठेवलंय, आणि ‘आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप’ एवढ्यावर काम झालं असतं. ‘अप’ आहे आणि जोडीला ‘नो-कॅरियर’ आहे म्हटल्यावर संशय तारेवर, पोर्टवर किंवा समोरच्या स्विचवर. सॉफ्टवेअरमधलं बहुतेक सगळं इथेच यादीतून बाद होतं.

पुढची स्वाभाविक कमांड ‘ईथटूल’, केबलच्या पोर्टचा वेग आणि जोडणी दाखवणारी. टाकली, तर ‘कमांड नॉट फाउंड’. कमीत कमी पॅकेजं ठेवायची म्हणून मी ते कधी बसवलंच नव्हतं, आणि आता बसवायला नेटवर्क हवं. नेटवर्क दुरुस्त करायचं हत्यार नेटवर्कवरूनच यायचं, या फासात अडकायची ही काही पहिली वेळ नाही. पण बहुतेक माहिती कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘/सिस’मध्ये साध्या फायलींच्या रूपात ठेवतो आणि ती वाचायला ‘कॅट’ ही साधी कमांड पुरते. ‘/सिस/क्लास/नेट/ईएनपी३एस०/’ या फोल्डरमध्ये ‘कॅरियर’ नावाची फाइल आहे, तीत ० होता. जोडणी असती तर १ असता. पोर्ट आपणच बंद ठेवलं असेल तर ही फाइल आकडा न देता ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणते. तेही एक उत्तरच समजायचं. ‘स्पीड’ फाइलमध्ये उणे १, म्हणजे वेग ठरलेलाच नाही.

तिथेच ‘कॅरियर_चेंजेस’ अशी एक फाइल असते. जोडणी किती वेळा आली-गेली त्याची मोजणी ती ठेवते. माझ्याकडे त्यात एक-दोनचा आकडा होता. निरुपयोगी, कारण ही मोजणी मशीन सुरू झाल्यापासूनची असते आणि सकाळपासून आम्ही दोघांनी मिळून मशीन तीनदा बंद-चालू केलं होतं. पुरावा आम्हीच पुसून टाकला होता.

जुनी वही

सुदैवानं एक वही शिल्लक होती. डेबियन ११ पासून सिस्टमडीचं (सगळ्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचं) जर्नल, म्हणजे नोंदवही, डिस्कवर टिकून राहतं, रीस्टार्टनंतरही. ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ दिली की मशीन कधी कधी सुरू झालं त्याची यादी येते: चालू सत्र ०, त्याआधीचं -१, असं मागे मागे. बिघाड झाला ते सत्र तीन रीस्टार्टमुळे -३ वर गेलं होतं. मग ‘जर्नलसीटीएल -के -बी -३’, म्हणजे त्या सत्रातले फक्त कर्नलचे संदेश, आणि त्यातून ईएनपी३एस०च्या ओळी चाळल्या.

सगळं तिथे लिहिलेलं होतं. कित्येक महिने एकच ओळ: लिंक अप, १ जीबीपीएस, फुल. मग नऊ दिवसांपूर्वी दुपारी लिंक डाउन. काही सेकंदांनी एक संदेश, ज्याच्या शेवटी उद्गारचिन्हासकट लिहिलं होतं: ठरलेल्या १ जीबीपीएसवरून प्रत्यक्ष १०० एमबीपीएसवर डाउनशिफ्ट झालं आहे, चेक केबलिंग! त्याखाली लिंक अप, १०० एमबीपीएस. पुढचे नऊ दिवस तसंच. मग आदल्या रात्री दोनच्या सुमारास डाउन, अप, डाउन, अप अशा वीसेक ओळी, आणि शेवटची ओळ डाउन.

कर्नलनं नऊ दिवस आधी ‘केबल तपासा’ असं शब्दशः लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात बॅकअपला जास्त वेळ लागतोय हे आम्हाला जाणवलं होतं, पण डेटा वाढला असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

हे डाउनशिफ्ट म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, प्लगमधल्या १-२ आणि ३-६ क्रमांकांच्या. गिगाबिटला चारही लागतात. आता, दोन टोकं आपसात वेग ठरवतात तेव्हा ती बोलणी होतात याच १-२ आणि ३-६ वरून. समजा ४-५ ची जोडी दबून तुटली. बोलणी चोख पार पडतात, दोन्ही टोकं म्हणतात ‘मला गिगाबिट येतं’, करार होतो, आणि प्रत्यक्ष गिगाबिट सुरू करायला गेलं की जमत नाही. पुन्हा बोलणी, पुन्हा तोच करार, पुन्हा अपयश. काही खेपा झाल्यावर शहाणी चिप गिगाबिटचा नाद सोडून १०० वर उतरते. तिथे लागणाऱ्या दोन जोड्या शाबूत असल्यामुळे ते चालतं. म्हणूनच गिगाबिट पोर्ट अचानक १०० वर आलेलं दिसलं की मी आता सेटिंगकडे बघतही नाही, आधी तार बघतो.

नऊ दिवसांपूर्वी दुपारी काय झालं होतं? खोलीत एक कपाट सरकवलं होतं. टॉर्च घेऊन वाकून पाहिलं तर कपाटाचा मागचा पाय केबलवर. दबून ती जागा चपटी झालेली, वरचं आवरण फाटलेलं. आधी एक जोडी गेली, वजनाखाली हळूहळू दुसरीही गेली असणार.

तरीही पोर्ट शाबूत आहे याची खात्री हवी होती. लॅपटॉप असल्याचा फायदा घेतला, उचलून स्विचच्या खोलीत नेला आणि हातभर लांबीच्या, चांगली असल्याची खात्री असलेल्या केबलनं जोडला. ‘जर्नलसीटीएल -एफ’ चालू ठेवून पडद्याकडे पाहत होतो. प्लग टक्कन बसला, कर्नलची ओळ आली: लिंक अप, १ जीबीपीएस. लगोलग नेटवर्कमॅनेजरची: अनअव्हेलेबल ते डिस्कनेक्टेड, कारण कॅरियर-चेंज्ड. मग बाकीच्या पायऱ्या धडाधड चढून १०० वर. एकाही सेटिंगला हात लावलेला नव्हता.

वायफायची तीन कुलपं

नवी केबल ओढायला माणूस दुसऱ्या दिवशी मिळणार होता. रात्रीचा बॅकअप चुकवायचा नव्हता. स्विचच्या खोलीत मशीन ठेवणं नको, कारण मुख्य सर्व्हर तिथेच आहे आणि प्रत वेगळीकडे ठेवण्याचा सगळा मुद्दाच निघून जातो. मग एका रात्रीपुरतं वायफाय. लॅपटॉप परत जागेवर आणला आणि दुसऱ्या ‘अनअव्हेलेबल’कडे वळलो.

‘आयपी लिंक सेट डब्ल्यूएलपी२एस० अप’. उत्तर: ऑपरेशन नॉट पॉसिबल ड्यू टू आरएफ-किल. वायफाय, ब्लूटूथ असल्या रेडिओंना गप्प करायचा कर्नलमधला खटका म्हणजे आरएफकिल. ‘आरएफकिल’ ही कमांडही अर्थातच बसवलेली नव्हती, म्हणून पुन्हा ‘/सिस’: ‘ग्रेप’ला नुसता टिंब देऊन ‘/सिस/क्लास/आरएफकिल/’खालच्या ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ फायली एकदम वाचल्या. टिंब दिला की ग्रेप प्रत्येक फाइलचं नाव आणि आतला मजकूर शेजारी शेजारी छापतो. दहा वेळा कॅट करायला नको. हार्ड ०, सॉफ्ट १. हार्ड १ असता तर लॅपटॉपच्या कडेची कळ किंवा वरच्या रांगेतलं बटण शोधावं लागलं असतं, कमांडनं ते सुटत नाही. सॉफ्ट म्हणजे कुणीतरी कमांडनंच बंद केलेलं.

ते कुणीतरी म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी ‘सर्व्हर केबलवर आहे, रेडिओ कशाला’ म्हणून ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ’ दिल्याचं आठवलं. ही निवड रीस्टार्टनंतरही टिकते. नेटवर्कमॅनेजर ती आपल्याकडे लिहून ठेवतो आणि सिस्टमडीही खटक्याची स्थिती बंद होताना जपून सुरू होताना परत लावतो. ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑन’. सॉफ्ट ० झाला. पण डिव्हाइस अजून अनअव्हेलेबलच.

पुन्हा ‘अप’ करून पाहिलं. यावेळी उत्तर वेगळं: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. इंटरफेस चालू करायला सांगितलं तर म्हणे फाइल सापडत नाही! पहिल्यांदा हे वाचणारा चक्रावतोच. खुलासा ‘डीमेसेज’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये होता: आरटी२८००पीसीआय या ड्रायव्हरला ‘आरटी२८६०.बिन’ ही फाइल उघडता आली नाही, शेवटी कंसात -२. हा उणे दोन म्हणजे कर्नलच्या भाषेत ‘अशी फाइल नाही’ या त्रुटीचा क्रमांक. ती फाइल म्हणजे चिपचं फर्मवेअर, जेमतेम ८ केबीची.

इथे ड्रायव्हरांच्या स्वभावातला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. या रालिंक जातीच्या कार्डाचा ड्रायव्हर फर्मवेअर मागतो तो इंटरफेस ‘अप’ करताना. त्यामुळे फाइल नसली तरी डब्ल्यूएलपी२एस० हे नाव यादीत दिसत राहतं आणि नेटवर्कमॅनेजर त्याला अनअव्हेलेबल म्हणतो. इंटेलच्या आयडब्ल्यूएलवायफाय या ड्रायव्हरचं तसं नाही. त्याला फर्मवेअर मिळालं नाही तर इंटरफेस तयारच होत नाही, यादीत ओळच नसते. तेव्हा माणूस कार्ड मेलं असं समजून बसतो.

पहिलं कुलूप दुसऱ्याला कसं झाकत होतं तेही बघा. ‘एनएमसीएलआय’कडून डिव्हाइसचा तपशील मागवला की त्यात ‘फर्मवेअर-मिसिंग’ असा रकाना येतो. सकाळी मी तो पाहिला होता, तिथे ‘नो’ होतं, आणि मी फर्मवेअर ठीक आहे असं धरून चाललो होतो. ठीक नव्हतं. खटका बंद असल्यामुळे ड्रायव्हर फाइल मागण्यापर्यंत पोचलाच नव्हता. आता तोच रकाना ‘येस’ म्हणत होता. प्रत्येक कुलूप काढल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायचं, आधीची उत्तरं शिळी धरायची.

फाइल का नव्हती? डेबियन १२ पासून अशी बंदिस्त फर्मवेअर पॅकेजं ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात गेली आणि इन्स्टॉलर लागणारी फर्मवेअर स्वतःच बसवायला लागला. माझं मशीन ११ वरून चढवलेलं, ११ बसवताना ‘नॉन-फ्री’ हा त्यांचा आधीचा विभाग मी मागितलाच नव्हता, आणि चढवल्यावर हा नवा विभाग पॅकेजं जिथून येतात त्या सूत्रांच्या यादीत आपोआप येत नाही. म्हणजे पॅकेज आणायला नेटवर्क हवं, आणि नेटवर्कसाठी पॅकेज हवं. लॅपटॉप उचलून पुन्हा स्विचच्या खोलीत. वाटेत सहकाऱ्यानं विचारलं, “काय, फिरायला नेतोयस का त्याला?”

छोट्या केबलवर ‘/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट’मध्ये तो विभाग जोडला, यादी ताजी केली, ‘फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री’ बसवलं. आलोच आहे तर ईथटूल आणि आरएफकिलही बसवून टाकले. परत जागेवर. ‘अप’ केलं तर एकही शब्द न बोलता कमांड परतली. ‘आयपी लिंक’मध्ये अप आणि नो-कॅरियर दोन्ही दिसत होते, पण सकाळी जे केबलसाठी रोगाचं लक्षण होतं ते इथे निरोगी होतं, अजून राउटरशी जुळलोच नव्हतो.

एनएमसीएलआय: अनअव्हेलेबल.

खरं सांगतो, त्या क्षणी लॅपटॉप मिटून घरी जावंसं वाटलं. पण आता दोन अटी पुऱ्या झाल्या होत्या आणि यादीत तिसरी एकच उरली होती. ‘जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर’मध्ये शेवटाकडे इशारा होता: सप्लिकंट सुरू करता आला नाही, डी-बसवरून (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेनं) डब्ल्यूपीए सप्लिकंटची सेवा उठवता आली नाही. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डब्ल्यूपीए_सप्लिकंट’: मास्क्ड.

मास्क म्हणजे नुसतं बंद नव्हे. डिसेबल केलेली सेवा आपोआप सुरू होत नाही, पण दुसऱ्या कुणी हाक मारली तर उठते. मास्क केलेली सेवा ‘/डेव्ह/नल’ला, म्हणजे रिकाम्या पोकळीला, बांधलेली असते, कुणी कितीही हाका मारल्या तरी उठत नाही. नेटवर्कमॅनेजर बिचारा हाका मारत होता. हेही माझंच काम, नको त्या सेवा छाटायच्या त्या जुन्या उत्साहातलं. ‘सिस्टमसीटीएल अनमास्क’ केलं, नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट केला, आणि जर्नलमध्ये ती ओळ आली: अनअव्हेलेबल ते डिस्कनेक्टेड, कारण सप्लिकंट-अव्हेलेबल. मग ‘एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट’ आणि नेटवर्कचं नाव. ‘आस्क’ अशासाठी की पासवर्ड तो विचारून घेतो, कमांडच्या इतिहासात उघडा पडून राहत नाही.

रात्रीचा बॅकअप झाला. रांगत झाला, पण झाला.

दुसऱ्या दिवशी

नवी केबल भिंतीच्या वरच्या अंगानं, कपाटाच्या पायांपासून दूर ओढली. कॅरियर १, स्पीड १०००. वायफायही जोडलेलंच ठेवलं. ‘आयपी राउट’मध्ये आता डीफॉल्टच्या दोन ओळी दिसतात, केबलची मेट्रिक १०० ची आणि वायफायची ६०० ची. नेटवर्कमॅनेजर हे आकडे स्वतःच देतो, आणि आकडा लहान त्याला अग्रक्रम. केबल असेपर्यंत सगळं तिच्यावरूनच जातं.

रोजच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच दोन ओळी घातल्या: ‘स्पीड’ फाइल वाच, १००० नसेल तर मेल पाठव. जर्नलमधली सूचना नऊ दिवस कुणी वाचली नाही, मेल निदान सहकारी तरी वाचतो.

शेवटी चाचणी म्हणून पिंग चालू ठेवून केबल उपसली. काही सेकंद उत्तरं थांबली आणि वायफायवरून पुन्हा सुरू झाली. माझं एसएसएच सत्र, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून केलेलं लॉगिन, मात्र गोठलं ते गोठलंच, कारण ते केबलच्या पत्त्याशी बांधलेलं होतं आणि तो पत्ता केबलबरोबर गेला. मधोमध चालू असलेला बॅकअपही असाच अडकेल, हे तेव्हा लक्षात आलं. स्क्रिप्टमध्ये तिसरी ओळ घातली: अर्ध्यात तुटलं तर दहा मिनिटांनी पुन्हा जोडून उरलेल्या फायली ओढ.